आधी दारू सोडवायची की आधी छप्पर बघायचं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. हमालीचं काम सुटलं, मग भाड्याची खोलीही गेली. दीड वर्ष कुर्ल्याला पुलाखाली झोपतो, सकाळपासून देशी पितो. एका व्यसनमुक्ती केंद्राचे लोक म्हणतात, १५,००० भरा, रात्री गाडी आणून उचलून नेतो. आमचे हे म्हणतात, दारू सुटली तरच घरात. गाडी बोलवू का?
– एक ताई, डोंबिवली

ताई, गाडी बोलवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकारही येतात. संमतीशिवाय दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. रात्री चौघांनी हातपाय धरून नेणं त्यात कुठेच बसत नाही. शिवाय रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर नसेल तर खोलीला कुलूप लावून काय उपयोग?

आता पुलाखालचा हिशोब बघा. मिळेल त्या कामाची रोजंदारी संध्याकाळी रोख मिळते. रात्री झोपेत खिसा कापला जाणारच, मग पैसे ठेवायचे कशाला? डास, हॉर्न, मध्येच कुणी उठवून लावतं. यात क्वार्टरशिवाय झोप येत नाही. सकाळी हात थरथरतात, म्हणून काम मिळवायला नव्वद मिली. उपचार घेऊन तो त्याच पुलाखाली परतला तर हे सगळं पहिल्या रात्रीच पुन्हा सुरू होतं. म्हणून डिस्चार्जनंतरची खाट दाखल करण्याआधी ठरवा.

त्याला सकाळी गाठा, रात्री नको. मागणी छोटी ठेवा: "आज फक्त सायनला केसपेपर काढू." थोडी घेऊन आला तरी भांडू नका. पालिकेच्या सायन रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर सहसा थरथर आवरणाऱ्या गोळ्या देऊन काही दिवसांत डोस उतरवत आणतात, सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून आधी ग्लुकोज चढवू देऊ नका; थायमिनआधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि "न सांगता दारू सोडवा" असली पावडर जेवणात मुळीच कालवू नका. अशा पुडीत काय असतं कुणास ठाऊक. दारूशी न जुळणारं औषध निघालं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळतो.

(दारूसोबत तो गर्द, म्हणजे ब्राउन शुगर ओढत असेल तर त्याचा उपचार वेगळा. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू झाल्यावरच देतात. आधी दिली तर टर्की अंगावर येते. आणि गर्द काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुन्याच मापाने घेतली तर ती जीवावर बेतते.)

खाटेचं सांगते. शहरात दर १ लाख वस्तीमागे निदान १०० जणांचा निवारा हवा, असा नियम आहे, पण पिऊन आलेल्याला बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. म्हणून आधी जाऊन विचारा: दिवसा झोपू देतात का, गोळ्या कोण ठेवतं, किती दिवस ठेवतात. नाही जमलं तर त्या १५,०००तून कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेपुरत्या भाड्याने, जागा बघा आणि भाडं मालकाच्या हातात द्या, भावाच्या नाही.

घरात लहान मुलं असतील तर यजमानांची अट मला चूक वाटत नाही. पण घराबाहेर म्हणजे पुलाखालीच, असं थोडंच आहे? रविवारी जेवायला बोलवा. त्याचं आधार कार्ड हरवलं असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून नंबर सापडतो. मूळ कागद तुमच्याकडे ठेवा, त्याला झेरॉक्स द्या.

अडलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर फुकट आहे. टेलीमानसवर मराठीतही बोलता येतं. आणि केसपेपरवर नातेवाईक म्हणून तुमचाच मोबाईल लिहा. तो मध्येच उठून गेला तर वॉर्डातून फोन तुम्हालाच यायला हवा.