‘नाही’ म्हणायचं काम माझं, ‘हो’ म्हणायचा मान साहेबांचा?

प्रश्न : बी.कॉम. झाल्यावर नाशिकच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात लेडीज सेक्शनला सेल्सचं काम करते. वय 22, हातात साडेतेरा हजार येतात. दिवसभर उभं राहणं, टार्गेट, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळ्याचा वीट आलाय. मागच्या रविवारी टॅग काढलेला कुर्ता बदलून द्यायला मी नियमाप्रमाणे नकार दिला. बाईंनी तो माझ्या अंगावर फेकला. मॅनेजर सर आले आणि त्यांनी हसत हसत बदलून दिला. बाबा म्हणतात, सोड आणि बँकेच्या परीक्षांना बस. सोडू का?

उत्तर : तुझ्या पत्राचा हा गोषवारा. शेवटी ‘बाकी किरकोळ’ म्हणून तू आणखी चार ओळी लिहिल्या आहेस, त्या मी पुन्हा वाचल्या. निफाडचे एक आजोबा पिशवीत बायकोचा जुना ब्लाऊज घेऊन आले, मापाला. आजींच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हे बोलता बोलता निघालं. हात वर होत नसणार हे ओळखून तू त्यांना खालपर्यंत बटणांचे, सैल बाहीचे दोन कुर्ते काढून दिलेस. महिन्याभराने ते आजींना घेऊन आले आणि ‘ती मुलगी कुठाय?’ म्हणून तुला शोधत राहिले. हे किरकोळ कसं? गिऱ्हाइकाने न सांगितलेली अडचण ओळखायची नजर ट्रेनिंगच्या स्लाइडमधून येत नाही. ती तुझ्याकडे आहे, आणि त्या दिवशी तुलाही बरं वाटलं असणार, नाहीतर लिहिलं नसतंस.

आता तो कुर्ता. ओरडणारी गिऱ्हाइकं तू याआधीही पचवली आहेस. मला वाटतं तुला लागलं ते सरांचं हसणं. नियम सांगून वाईट व्हायचं तू, आणि तो मोडून चांगलं व्हायचं त्यांनी. आवाज चढवला की काम होतं हे गिऱ्हाईकही त्यातून शिकतं, आणि पुढच्या वेळी आवाज तुझ्यावरच चढतो. बिलिंगला मोबाइल नंबर मागतात त्याचंही तेच. नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं. पण नंबर गोळा करायचं टार्गेट असतं कॅशियरच्या डोक्यावर, आणि ‘कशाला हवाय नंबर?’ हे ऐकायचंही त्यानेच.

नियमाचं म्हणशील तर एवढं पक्कं ठेव. माल सदोष असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. बिलावर छापलेल्या मुदतीत, मुदत छापली नसेल तर 30 दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला दुकानाला नाही म्हणता येत नाही. रंग आवडला नाही किंवा माप चुकलं, तर मात्र दुकानाने स्वतः जाहीर केलेले नियम लागू होतात. तुझ्या कुर्त्यात दोष नव्हता, म्हणजे तू बरोबर होतीस.

मग सरांशी बोल. रविवारी नको, मंगळवारी-बुधवारी दुपारी, फ्लोअर रिकामा असताना. रडगाणं नको, मागणी कर : ‘अपवाद करायचाच असेल तर मला बाजूला बोलावून सांगा, बदलून मीच देईन. आणि अमुक रकमेपर्यंतचा निर्णय माझ्यावर सोपवा.’ यावर ते काय म्हणतात त्यावरून या दुकानात तुझं पुढे काय होणार ते कळेल. सेल्समधून डिपार्टमेंट मॅनेजर होणारी मुलं मी पाहिली आहेत. खरेदी आणि मर्चंडायझिंगमध्येही, म्हणजे कुठला माल किती ठेवायचा हे ठरवायच्या कामात, अशी माणसं लागतात, कारण कुठलं माप आठवड्यात संपतं आणि कुठला रंग सेल लागेपर्यंत लोंबकळत राहतो, हे आधी फ्लोअरवर कळतं. पण ही वाट सगळीकडे नसते. काही ठिकाणी पाच वर्षांनीही माणूस घड्याच घालत असतो.

बाबांचं म्हणणं वावगं नाही. बँकांच्या क्लार्क भरतीला 20 ते 28 वय चालतं, तुझ्याकडे वेळ आहे. फक्त काउंटरपलीकडे तिथेही हाच नाशिककर असेल, आणि पासबुकाचं मशीन बंद पडलं की तोही ओरडेल. बसायला खुर्ची मिळेल, हे खरं. आणि ती लहान गोष्ट नव्हे. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा कुठे केरळने 2018 मध्ये कायदा बदलला. तमिळनाडूने 2021 मध्ये. स्टूल मागायला लाजू नकोस. आणि नऊ तास उभं राहून रात्री गणितं सुटत नाहीत, हे बाबांना स्पष्ट सांग. परीक्षा द्यायच्या तर दिवाळीचा सीझन करून, इन्सेंटिव्ह हातात घेऊन नोकरी सोड आणि एक वर्ष पूर्णवेळ अभ्यास कर. दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस.

माझा कल विचारशील तर तीन महिने थांब. सरांशी बोलून काहीच हललं नाही, तर आधी दुकान बदल, धंदा नंतर. तोवर कागद बघून घे. तू कंपनीच्या रोलवर आहेस की एजन्सीच्या? ऑफ-रोल, म्हणजे एजन्सीच्या पगारावर, असशील तर बढतीचं आश्वासन कोण देतंय ते नीट विचार. पीएफ खात्याचा यूएएन नंबर आहे ना, पीएफ खरंच भरला जातोय ना? एवढ्या पगारात तू ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, 21 हजारांच्या मर्यादेत बसतेस, तुझे 0.75 टक्के कापले जात असतील तर आईबाबा तुझ्यावर अवलंबून असल्यास त्यांच्याही उपचारांची सोय त्यात होऊ शकते, कार्ड काढून घे. आठवड्याला 48 तास ही राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा आहे, त्यावरच्या तासांचे दुप्पट दराने पैसे. स्टॉक टेकिंगच्या, म्हणजे माल मोजायच्या, रात्री तुम्हाला किती वाजता सोडतात आणि त्याचे पैसे स्लिपवर दिसतात का, हे पुढच्या पत्रात कळव.