पत्रात मुलगा कुठे आहे?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ६.८. त्याने मोठ्या कंपनीत सीओओ (चीफ ऑपरेटिंग ऑफिसर, रोजचं कामकाज चालवणारा अधिकारी) व्हायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तो मात्र सुट्टीत मागांच्या दुरुस्तीतच रमतो. कोणता कोर्स घ्यावा? – एक पालक, सोलापूर

उत्तर: नमस्कार. गुणांची चिंता सोडा. मला घोर लागला तो ‘आम्ही ठरवलं आहे’ या तीन शब्दांनी. मुलाला काय हवंय, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. त्याला काय आवडतं ते लिहिलंत, तेही तक्रार म्हणून.

सीओओ होण्याचा कोर्स नसतो, आणि सीईओच्या, म्हणजे कंपनीप्रमुखाच्या, खालची ती आरामाची खुर्चीही नव्हे. तुमच्याच कारखान्यात बघा. कंटेनर शुक्रवारी निघायचाय आणि गुरुवारी रंगून आलेल्या लॉटची शेड आधीच्या मालाशी जुळत नाही. मालकाने गिऱ्हाइकाला शब्द दिलेला. माल थांबवायचा, अर्धाच पाठवायचा की पुन्हा रंगवायला टाकायचा, हे त्याच रात्री ठरवणारा माणूस म्हणजे सीओओ. निभावलं तर नाव सीईओचं, फसलं तर जाब याला. सीईओशी पटलं नाही तर ते बंद दाराआड बोलायचं आणि बाहेर येऊन तोच निर्णय मनापासून राबवायचा. अधिकार किती, हे कंपनीगणिक बदलतं. कित्येक कंपन्यांत हे पदच नसतं. ॲपल कंपनीच्या टिम कुक यांचं उदाहरण घ्या. ते इंडस्ट्रियल इंजिनिअर. आयबीएममध्ये बारा वर्षं काढून, पुढे १९९८ मध्ये ते ॲपलमध्ये आले, गोदामांत पडून राहणारा माल कमी केला आणि २००५ मध्ये सीओओ झाले.

एमबीएसाठी कॅट आणि राज्याची सीईटी आहेच. दोन-तीन वर्षं नोकरी करून दिली तर शिकलेलं अंगी लागेल.

स्पष्ट बोलतो. ज्या मुलाला स्वतःची शाखा, नोकरी काहीच ठरवू दिलं नाही, तो उद्या हजार माणसांचं काय ठरवणार? माग का थांबला हे हात काळे करून शोधणारा मुलगा तुम्हाला कमी वाटतो, याचं मला वाईट वाटलं. कारखाना चालवणं तिथूनच तर कळायला लागतं.

परीक्षा संपली की दोन महिने डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम, त्याच्याकडे द्या, रीतसर पगारावर. चुकला, थोडं नुकसान झालं, तरी कामगारांसमोर त्याचा निर्णय फिरवू नका. मग त्यालाच मला पत्र लिहू द्या. मागांचंच काम करायचंय असं त्याने लिहिलं, तर मी त्याला तीच वाट सांगेन.