रेंज चेक पास होतो, तरी रिमोटवरचं टर्बाइन जेट हवेत सिग्नल का सोडतं?

तुमचं म्हणणं असं की जमिनीवर 30 पावलांचा रेंज चेक (ट्रान्समीटरची ताकद कमी करून सिग्नल कुठवर पोचतो ते बघणं) दर वेळी पास, पण जेट लांब गेलं की हातातला ट्रान्समीटर सिग्नलची बोंब मारतो, मग विमानातला रिसीव्हर बदलू का? भाऊ, खिशात हात घालायच्या आधी एक सांगा, रेंज चेक करताना विमान कुठल्या बाजूने उभं होतं? तोंड तुमच्याकडे, कॅनोपी म्हणजे वरचं झाकण उघडं, इंजिन बंद, बरोबर? मी पण तेच करायचो.

मी इंदूरचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या जेटचं हेच सुरू झालं. फील्डवर जो तो आपापलं निदान सांगून राहिला होता, मी ऐकून नवा रिसीव्हर बसवला, पैसे गेले आणि दुखणं तसंच. शेवटी एका रविवारी घरी पोहे खाता खाता टेलिमेट्रीचा लॉग, म्हणजे विमानाने उडताना पाठवलेली नोंद, उघडला, तर रिसीव्हरचं व्होल्टेज सरळ रेषेत, आणि दोन अँटेनांपैकी एकीचेच फेड, म्हणजे सिग्नल हुकल्याचे आकडे, भराभर वाढलेले, ते पण फक्त शेपूट आपल्याकडे करून जेट लांब जाताना. म्हणजे मधे टर्बाइन आणि स्टीलचा पाइप आडवा येणार, तेव्हा याच अँटेनाने सांभाळायचं, तर तिचं टोक टेप सुटून कार्बनच्या फॉर्मरला, म्हणजे आतल्या आडव्या पाटीला, चिकटून पडलेलं! 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा पाव भाग म्हणजे शेवटचं 31 मिलिमीटरचं उघडं टोक, कामाचं तेवढंच, बाकी नुसती वायर. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे ते टोक त्याला टेकलं की आंधळं. टाकीतलं रॉकेल सिग्नल खातं असं खूप जण सांगतात, पण रॉकेल स्वतः फारसं काही अडवत नाही, अडवतो तो धातू, बॅटऱ्या आणि कार्बन. मी दोन्ही टोकं प्लास्टिकच्या नळीत घालून एकमेकांशी काटकोनात आणि कार्बनपासून लांब बसवली, जुना रिसीव्हर परत लावला, आजही तोच उडतोय.

तर कॅनोपी लावा, ट्रान्समीटर रेंज मोडवर घ्या आणि मित्राला विमान चारही बाजूंनी फिरवायला सांगा, नाक, शेपूट, दोन्ही पंख, जमलं तर पोट पण. मग तेच इंजिन चालू करून. बंद असताना 30 पावलं आणि चालू असताना 15 येत असतील तर इंधनाचा पंप किंवा ईसीयू (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) यांच्या वायरींमधला विजेचा कचरा रिसीव्हरपर्यंत पोचतोय, त्या वायरी वेगळ्या करा, असा कचरा अडवणारी फेराइटची रिंग घाला. मित्राने विमान घट्ट धरायचं, टर्बाइनच्या मागे किंवा बाजूला कोणीही नको, आग विझवायचा सीओटूचा सिलिंडर हाताशी.

लॉगमध्ये व्होल्टेजच खाली बसत असेल तर हा रेडिओचा आजारच नाही. ट्रान्समीटरच्या दोन्ही स्टिक एकदम गरागरा फिरवून बघा, दहा-बारा डिजिटल सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या मोटरी) एकाच वेळी वीज खेचतात, म्हातारी बॅटरी किंवा स्वस्तातला स्विच तिथेच मान टाकतो.

मोबाइल टॉवरवर खापर फोडणारे अगदीच चूक नाहीत, आपल्याकडे 4जी चा एक बँड 2300 ते 2400 मेगाहर्ट्झ आहे आणि आपला रिमोटचा बँड 2400 लाच सुरू होतो. पण टॉवरचा त्रास असेल तर फील्डच्या ठरावीक कोपऱ्यातच होईल, विमान कसंही वळलेलं असो. आणि ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखून उभे राहू नका हो, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला तर विमानाने काय करायचं ती सेटिंग, पण आजच तपासा. इंजिन आयडलला असताना, विमान धरून, ट्रान्समीटर बंद करायचा, टर्बाइन विझलं पाहिजे. माझ्या नव्या रिसीव्हरमध्ये ते होल्डवर, शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवायला, लावलेलं होतं, म्हणजे सिग्नल पूर्ण गेला असता तर जेट त्याच थ्रॉटलवर शेजारच्या राऊ गावाच्या दिशेने निघून गेलं असतं.