वाईजवळ कृष्णेकाठच्या मेणवली घाटावर शॉर्ट फिल्मचा पहाटेचा ओपनिंग सीन किती वाजता शूट करावा?

सूर्योदयाआधीची साधारण २५ मिनिटं धरा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे तयारीचा वेळ धरून सव्वासहाला ट्रायपॉड लागलेला हवा. हा निळा उजेड मिनिटागणिक वाढतो, त्यामुळे पहिला आणि चौथा टेक एकमेकांना जुळत नाही. म्हणून आधी वाइड (सगळा घाट दिसेल असे लांबचे शॉट) उरका. क्लोजअप नंतर सावलीतही निघतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर राहिला तर निळाईच जाते (नवखे हमखास इथेच फसतात), ५००० केल्विनच्या आसपास लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवलं की काठावरचा दिवाही फ्रेममध्ये लुकलुकत नाही. लेन्सवर दव धरतं, दर टेकला पुसा. पावसाळ्यात मात्र हा बेत नको: धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात.