नेत्याच्या हेतूवरून घरात अबोला: एक समुपदेशन अनुभव

“सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण इस्टेटीचं नाही, राजकारणाचं आहे. काय करायचं?” निवडणुका आल्या की हा प्रश्न हमखास येतो. 2024 च्या लोकसभा निकालानंतर पिंपरी-चिंचवडमधली एक सून तो घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. मुलाचं भोसरीत छोटं वर्कशॉप, आठ कामगार. वडिलांच्या मते नरेंद्र मोदी जे करतात ते देशासाठी, मुलाच्या मते प्रत्येक निर्णयामागे निवडणूक. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ‘अंधभक्त’ लिहिलं, दुसऱ्याने ‘देशद्रोही’. तेव्हापासून दोघांच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या.

अशा वेळी “मोदींचा हेतू काय?” ही चर्चा आधी थांबवावी लागते. त्यासाठी एक जुनं उदाहरण दिलं. 19 जुलै 1969 रोजी इंदिरा गांधींनी 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. गावागावांत कर्ज पोचावं म्हणून, की पक्षातल्या ‘सिंडिकेट’ला, म्हणजे जुन्या बड्या नेत्यांच्या गटाला, शह द्यायला? पन्नास वर्षं उलटली तरी यावर वाद चालूच आहे. वडिलांची अख्खी नोकरी त्या निर्णयावर उभी, त्यामुळे हेतूचा निकाल घरात लागणार नाही हे त्यांना लगेच पटलं.

मग एक कोरा कागद, तीन रकाने: काय घडलं, माझ्यावर काय बेतलं, हेतू काय असावा. विषय एकच घ्यायचा, तोही दोघांच्या संमतीने. त्यांनी नोटाबंदी निवडली.

पहिल्या रकान्यात दोघांना मान्य असेल तेवढंच लिहायचं. 8 नोव्हेंबर 2016, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार त्यातल्या 99.3 टक्के परत आल्या. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी निर्णय वैध ठरवला. मुलाला आकडा हवा होता, वडिलांना निकाल, आणि दोन्ही खरे असल्याने दोन्ही लिहिले गेले.

खरं काम दुसऱ्या रकान्यात झालं. नियम असा: एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचं, मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. बोलणारा “हो, हेच म्हणायचं होतं” म्हणेपर्यंत पाळी बदलत नाही.

वडील त्या वेळी काउंटरवर होते. डब्यात लपवलेल्या, घडीवर घडी पडलेल्या नोटा घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बायका, रात्री उशिरापर्यंतची मोजणी. “हे सगळं फसवणुकीसाठी होतं असं तू म्हणतोस, तेव्हा माझे ते दिवस तू पाण्यात घालतोस.” मुलाचं दुखणं वेगळं होतं. चालू खात्यातून आठवड्याला 50,000 रुपयेच निघत. त्यात मजुरी भागवायची की माल आणायचा? तीन कामगार गावी निघून गेले. त्याने वडिलांना नोटा बदलून मागितल्या होत्या. “रांगेत ये,” ते म्हणाले होते. नियमाने ते बरोबरच होतं. पण त्यावर घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही, आणि पुढे टीव्हीवरच्या प्रत्येक बातमीवरून तेच भांडण उकरून निघत राहिलं.

तिसरा रकाना शेवटी भरायचा. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मला वाटतं’ अशी, आणि खाली एक ओळ: काय दिसलं तर माझं मत बदलेल? ही ओळ कोरी राहिली तर त्या मुद्द्यावर वाद घालूच नका.

घरी करताना हे हमखास बिघडतं ते ‘पण’मुळे. “तुमचं म्हणणं कळलं, पण...” म्हटलं की समोरचा पुन्हा ढाल उचलतो. दुसरी अडचण पंचाची. आईला किंवा सुनेला “तूच सांग, कोण बरोबर?” असं विचारायचं नाही. राग दहापैकी सहावर गेला की थांबा आणि निदान वीस मिनिटं वेगळ्या खोलीत काढा. त्या वेळात फोनवर पुरावे शोधू नका, राग उतरायचा तो वाढतो. रात्री नऊनंतर राजकीय फॉरवर्ड बंद. ग्रुप सोडण्यापेक्षा हे सोपं जातं आणि टिकतं.

एक जण बसायलाच तयार नसेल तर दुसऱ्या रकान्यातला एकच प्रश्न विचारा: “बाबा, तेव्हा तुमच्यावर काय बेतलं?” उत्तर आल्यावर त्याच दिवशी आपली बाजू मांडू नका.

या घरात मतं बदलली नाहीत. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला दोघांनी आपापल्या पसंतीने मत दिलं. जेवण मात्र पुन्हा एकत्र होतं, आणि वाद चढला की दोघांपैकीच कुणीतरी उठून जातं.

मारहाण, धमकी, दोन आठवड्यांहून जास्त झोप उडणं, किंवा शेजारी, डॉक्टर, घरचे सगळेच कटात सामील आहेत अशी खात्री वाटू लागणं, असं काही दिसलं तर कागद बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येतं.