लग्नसराईआधी मेमरी कार्ड: हप्ते कशासाठी भरायचे?

नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढणाऱ्या कराडच्या एका वाचकाने विचारले आहे की, निकॉन डी७५० कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचे, व्ही९० दर्जाचे १४ हजार रुपयांचे मेमरी कार्ड सहा हप्त्यांत घ्यावे का.

घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्ही९० म्हणजे दर सेकंदाला किमान ९० एमबी सलग लिहिले जाण्याची हमी, आणि तिची गरज भासते ती उच्च दर्जाच्या ४के किंवा ८के चित्रीकरणात. तुमचा कॅमेरा फुल एचडीपर्यंतच व्हिडिओ घेतो. शिवाय त्याचे दोन्ही स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचा, यूएचएस-१ या कमी वेगाच्या प्रकारचे आहेत. दुकानात ते कार्ड उलटे करून पाहा. सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतील. ज्या दुसऱ्या रांगेमुळे वेग वाढतो, ती तुमच्या कॅमेऱ्यात कशालाच टेकणार नाही. हप्ते 'नो कॉस्ट' असले तरी बँक सहसा प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या हिश्शावर १८ टक्के जीएसटी घेतेच.

तुमचा खरा धोका वेगळा आहे. माझ्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरचे एकमेव कार्ड बिघडले. त्याने सगळे पैसे परत केले, पण कन्यादानाचा एकही फोटो आज घरात नाही, आणि त्या घरातून त्याला पुन्हा काम मिळाले नाही. म्हणून पैसा दुसऱ्या प्रतीवर खर्च करा. तुम्हीच कळवलेल्या १,१०० रुपयांच्या भावाने ६४ जीबीची, व्ही३० दर्जाची चार कार्डे ४,४०० रुपयांत येतात. एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ) फोटो साधारण ३० एमबीचा धरला, तर एका कार्डावर सुमारे दोन हजार फोटो मावतात. दुसरा स्लॉट 'बॅकअप'वर ठेवला की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. उरलेल्या ९,६०० रुपयांतून पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, आणि ग्राहकाला अल्बम मिळेपर्यंत कार्डे पुसू नका.

कार्डे अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलानेच घ्या. बनावट कार्ड ६४ जीबी दाखवते, परंतु आतली खरी जागा संपली की पुढचे फोटो उघडतच नाहीत. त्यामुळे पहिल्या लग्नाला नेण्याआधी प्रत्येक कार्ड संगणकावर एकदा पूर्ण भरा आणि शेवटच्या फायलीही उघडतात का, हे कार्ड बदलून मिळण्याच्या मुदतीतच तपासा.