वापरलेला शिपिंग कंटेनर घेताना त्याची अवस्था कशी ओळखावी?

सामान साठवायला वीस फुटी जुना कंटेनर घ्यायचा आहे, विक्रेत्याने फोटो पाठवलेत आणि 'वॉटरटाइट आहे' म्हणतो, तेवढ्यावर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका. फोटोत भिंती दिसतात, पण कंटेनर खराब होतो तो बहुधा छताकडून आणि तळाकडून.

आधी विक्रेत्याची भाषा समजून घ्या. 'वन ट्रिप' म्हणजे माल घेऊन एकच फेरी केलेला, जवळजवळ नवा. 'कार्गो वर्दी' म्हणजे पुन्हा जहाजावर चढवण्याजोगा. 'विंड अँड वॉटरटाइट' म्हणजे वारा-पाणी आत येत नाही, एवढंच; सांगाडा किती भक्कम आहे हे त्यातून कळत नाही. 'ॲज इज'ला कसलीच हमी नसते. दारावरची सीएससी प्लेट, म्हणजे आंतरराष्ट्रीय कंटेनर सुरक्षा करारानुसार लावलेली पट्टी, मात्र जरूर वाचा. तिच्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. पहिली तपासणी 5 वर्षांच्या आत आणि नंतर दर 30 महिन्यांनी व्हावी लागते, किंवा प्लेटवर 'एसीईपी' अशी खूण असते, म्हणजे ठरावीक तारखांऐवजी मंजूर योजनेनुसार सतत तपासणी होते. कंटेनर जागेवरच ठेवणार असाल तर ही मुदत संपलेली असली तरी अडत नाही.

आता गंज. हे कंटेनर कॉर्टन पोलादाचे असतात. ओलं होऊन परत वाळलं की या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि आतला धातू वाचतो. सतत ओल राहिली तर तो थर नीट धरत नाही आणि पत्रा आत आत खात जातो. म्हणून तपासताना एकच विचार करा: इथे पाणी साचून राहत असेल का? छतावरचे पोचे, जुन्या स्टिकरखालची जागा, दाराचा उंबरठा, भिंतीखालचा आडवा रेल. भिंतीवरच्या तांबूस ओघळांची मला फारशी काळजी वाटत नाही. पापुद्रे सुटत असतील तिथे मात्र हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. बद्द आवाज येऊन चुरा गळला तर जागा पोखरलेली आहे. छत शिडीवरून पाहा, वर चढून चालू नका. छताचा पत्रा जेमतेम 2 मिमी जाड असतो आणि मधोमध पाय पडला की तिथेच नवा पोचा पडतो.

भोकं शोधायला भर उन्हाची वेळ धरा. आधी दोन्ही दारं उघडून हवा खेळू द्या, कारण कंटेनरमध्ये कीडनाशक धूर दिलेला असू शकतो. मग आत जाऊन दारं लावून घ्या, पण बाहेर एक माणूस उभा हवाच. आतून दार उघडता येत नाही. डोळे अंधाराला सरावले की टाचणीएवढं भोकही चमकतं. छत, कोपरे, भिंत आणि जमीन मिळते ती रेघ, दाराच्या रबराभोवतीची कड, सगळं पाहा आणि खडूने खुणा करा. भोक सिलिकॉनने बुजवलं असेल तर उजेड दिसणार नाही, म्हणून त्याच जागा बाहेरूनही तपासा. पॅच लावलेला असणं वाईट नाही, पण त्याचं वेल्डिंग चारही बाजूंनी अखंड हवं.

तळ पाहायला कंटेनर मजबूत ठोकळ्यांवर ठेवून मागा. क्रेनला लटकत असताना खाली कधीच जाऊ नका. कंटेनरच्या जमिनीखालचे आडवे क्रॉस मेंबर, म्हणजे तिला पेलणारे पोलादी दांडे, टॉर्चने बघा. एखादा वाकलेला चालेल, शेजारशेजारचे दोन-तीन गंजून तुटले असतील तर तो कंटेनर सोडा.

दारं जड जात असतील तर आधी कंटेनर सपाट जागेवर आहे ना ते बघा, उंचसखल जागेवर चांगल्याची दारंही अडकतात. सपाट जागेवरही अडकली तर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. नव्यासाठी त्यांत 10 मिमीपर्यंत फरक मान्य असतो. त्याहून बराच जास्त निघाला तर सांगाडा तिरपा झालाय. वाळलेलं रबर बदलता येतं, तिरपा सांगाडा सरळ करणं परवडत नाही.

आतली जमीन साधारण 28 मिमी प्लायवुडची असते. स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर ती कुजली आहे. तेलाचे डाग किंवा उग्र वास असेल तर धान्य, कपडे, अंथरुणं ठेवायला तो कंटेनर घेऊ नका. प्लायवुडमध्ये मुरलेलं रसायन धुऊन निघत नाही.

जुन्या कंटेनरला ताजा रंग दिसला तर तपासणी दुप्पट कसून करा. आणि व्यवहार ठरला की त्याचा नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक, पावतीवर लिहून घ्या. नंबर लिहिलेला नसेल तर पाहिलेल्याऐवजी त्याच साठ्यातला दुसरा दारात येऊन पडू शकतो, आणि मग तक्रारीला आधार उरत नाही.